श्वेतस्राव, मासिक पाळी आणि आरोग्याचे भान

निवासी शाळेत दाखल होणारी मुलगी बहुधा दहा-बारा वर्षांची असते. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, येवला अशा तालुक्यांतून ती शिकण्यासाठी घराबाहेर पडते आणि नेमक्या त्याच वयात तिच्या शरीरात मोठे बदल सुरू होतात. आई जवळ नसते. अंतर्वस्त्रावर पांढरा डाग दिसला की ती घाबरते आणि कोणाला विचारावे हे न उमगून गप्प राहते. तिने आपले शरीर ओळखावे आणि शंका येताच निःसंकोच बोलावे, यासाठी हा लेख.

मौनाची किंमत

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग आढळले. तक्रार असल्याचे सांगणाऱ्या मात्र ५५ टक्केच होत्या आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. आजार सोसायचा, पण सांगायचा नाही, अशी ही स्थिती होती.

या मौनामागे ‘विटाळ’ ही कल्पना आहे. ज्या शब्दाने माणसाला माणसापासून दूर ठेवले, त्याच शब्दाने पाळीतील स्त्रीलाही बाहेर बसविले. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाच्या या कल्पनेलाच प्रश्न विचारला होता. पाळी ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. तिच्यात अपवित्र असे काही नाही.

स्वाभाविक स्राव

पहिली पाळी येण्यापूर्वी साधारण सहा महिने ते वर्षभर आधी योनीतून पांढुरका स्राव येऊ लागतो. शरीरातील संप्रेरके वाढू लागल्याची ती खूण होय. योनीतील उपयुक्त जिवाणू तेथे आम्लता राखतात आणि त्यामुळे रोगजंतूंना अटकाव होतो. म्हणून स्रावाला किंचित आंबूस वास असणे, तसेच तो वाळल्यावर कपड्यावर पिवळसर डाग दिसणे, यात काहीही वावगे नाही.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळीनंतर काही दिवस तो कमी असतो. पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, अंडाशयातून बीज बाहेर पडण्याच्या वेळी, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व निसरडा होतो. त्यानंतर तो पुन्हा दाट व पांढरा होतो. ‘पांढरे जाण्याने हाडे झिजतात, अंगातील शक्ती जाते’ हा समज निराधार आहे.

केव्हा सावध व्हावे?

दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि तीव्र खाज असल्यास बुरशीचा संसर्ग संभवतो. पातळ, करड्या रंगाच्या स्रावाला माशांसारखा वास येत असेल, तर जिवाणूंचे संतुलन बिघडलेले असू शकते. हिरवट-पिवळा व फेसाळ स्राव, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, ताप, पाळी नसताना रक्त दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. मैत्रिणीचे औषध घेऊ नये आणि साबणाने वा जंतुनाशकाने योनीच्या आत धुऊ नये, कारण त्याने रक्षक जिवाणूच नष्ट होतात. बाहेरून स्वच्छ पाणी पुरेसे आहे. सुती व कोरडे अंतर्वस्त्र वापरावे.

नकोशा स्पर्शामुळे वा जबरदस्तीमुळे त्रास सुरू झाला असेल, तर त्यात मुलीचा कोणताही दोष नाही. विश्वासू मोठ्या व्यक्तीला सांगावे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी विनामूल्य आहे.

पाळीची नोंद

सुरुवातीच्या वर्षांत पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येणे आणि दोन ते सात दिवस राहणे स्वाभाविक समजले जाते. गर्भाशय आकुंचन पावल्याने पोटात कळा येतात. शेक व हलका व्यायाम यांनी त्या कमी होतात. परंतु वेदनेमुळे दर महिन्याला वर्ग बुडत असेल, दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालत असेल, सुरू झालेली पाळी तीन महिने आली नसेल किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, तर तपासणी आवश्यक आहे.

सतत थकवा व धाप यांचे कारण पुष्कळदा रक्तक्षय असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी म्हणूनच चुकवू नये. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये आणि जोडीला लिंबू वा आवळा आहारात असावा.

प्रत्येक विद्यार्थिनीने एका लहान वहीत पाळीची तारीख, दिवस, वेदना आणि स्रावातील बदल लिहावेत. तीन-चार महिन्यांत आपले ‘नेहमीचे’ काय, हे कळते आणि त्याहून वेगळे काही घडले की चटकन ध्यानात येते. डॉक्टरांनाही त्या नोंदींचा मोठा उपयोग होतो.

शाळेचे कर्तव्य

कडी लागणारे स्नानगृह, पुरेसे पाणी, पॅड टाकण्याची सोय आणि पाळीचे कापड उन्हात वाळविण्यासाठी आडोशाची जागा या मूलभूत गरजा आहेत. पॅड चार ते सहा तासांनी बदलता यावे, एवढी मोकळीक वर्गातही हवी. शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकची माहिती फलकावर असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री दार वाजविणाऱ्या मुलीला अधीक्षिकेने ‘उद्या बघू’ न म्हणता आत घ्यावे व तिचे ऐकून घ्यावे. त्या दारापर्यंत येण्यासाठी तिला किती धीर गोळा करावा लागला असेल, याची जाणीव आपण मोठ्यांनी ठेवली पाहिजे.