कानातून हृदयाकडे

कान कोरताना एखाद्याला अकस्मात खोकल्याची उबळ येते, हे वाचकांनी पाहिले असेल. हृदय, फुप्फुसे व जठर यांपर्यंत पोचणाऱ्या प्राणेशा अथवा व्हेगस तंत्रिकेची एक शाखा कानाच्या त्वचेतही येते, हे त्याचे कारण होय.

हृदयाचे अलिंद नियमित आकुंचन न पावता थरथरू लागले, तर शिरेतून नळी नेऊन दोषी भाग जाळतात. त्यामुळे तेथे शोथ होतो व पहिल्या तीन महिन्यांत लय पुन्हा बिघडते ती काही अंशी त्यामुळेच. प्राणेशा शोथ शमविते. म्हणून कानाच्या छिद्रापुढील उंचवट्याला चिमटा लावून सौम्य विद्युत्‌प्रवाह देण्याची कल्पना निघाली. सौम्यच, कारण तीच तंत्रिका जोराने उत्तेजित केल्यास थरथर उलट वाढते!

ओक्लाहोमाचे स्टॅव्हराकिस व सहकारी यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५३ रुग्णांना सहा महिने रोज एक तास प्रवाह दिला. सुमारे निम्म्यांचा चिमटा मात्र केवळ पाळीला होता. अखेरीस पहिल्या गटात थरथरीचे प्रमाण दुसऱ्याच्या मानाने ८५ टक्क्यांनी कमी आढळले. प्रयोग लहान आहे, शिवाय तो जाळण्याच्या उपचारानंतरच्या काळासाठी आखलेला नव्हता. रक्त गोठू न देणारे औषध चिमट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. थरथरत्या अलिंदातील गुठळी मेंदूत जाऊ शकते.