कथाकाव्यातील कथानक : महिपतींच्या दामाजीपंतांच्या निमित्ताने

शालेय मराठीच्या वर्गात कथाकाव्य बहुधा दोन टप्प्यांत शिकविले जाते. प्रथम कठीण शब्दांचे अर्थ सांगितले जातात आणि नंतर कवितेचा गद्य सारांश लिहून घेतला जातो. सारांश पाठ झाला की कथानक समजले असे विद्यार्थी मानतो. परीक्षेतही ते खपून जाते. वस्तुतः सारांश ही एकामागून एक घडलेल्या घटनांची यादी असते. एका घटनेमुळे दुसरी का घडली, ही साखळी म्हणजे कथानक. ती विद्यार्थ्याच्या हाती लागली नाही, तर कविता वाचूनही न वाचल्यासारखीच राहते.

या अभ्यासासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शिक्षकांना दूर जाण्याचे कारण नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे संतचरित्रकार महिपतींचे गाव. सन 1715 ते 1790 हा त्यांचा काळ. सन 1762 मध्ये पूर्ण झालेला त्यांचा ‘भक्तिविजय’ हा सत्तावन्न अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ महाराष्ट्रात घरोघर आणि देवळादेवळांतून वाचला गेला. जस्टिन ॲबट आणि नरहर गोडबोले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केल्याने तो 1933 पासून परदेशी वाचकांपर्यंतही पोहोचला. महिपती गावचे कुलकर्णी होते. देवपूजेत असताना कचेरीचे बोलावणे आले, तेव्हापासून चाकरीसाठी लेखणी धरणार नाही असा त्यांनी निश्चय केला, अशी आख्यायिका आहे.

‘भक्तिविजया’तील दामाजीपंतांची कथा कथानकाच्या अभ्यासाला विशेष सोयीची आहे. दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे अंमलदार. दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि सरकारी कोठारे तर भरलेली. बादशहाची परवानगी न घेता दामाजीपंत ती लुटवतात. हाताखालचा मुजुमदार बादशहाला ही बातमी कळवितो. त्यांना पकडून नेण्यासाठी शिपाई येतात. वाटेत पंढरीचे दर्शन घेऊ द्यावे, एवढीच त्यांची विनंती असते. इकडे विठू महाराच्या रूपाने विठ्ठल बेदरच्या दरबारात हजर होतो, धान्याची पूर्ण किंमत भरतो आणि रीतसर पावती घेऊन अंतर्धान पावतो. ती पावती दामाजीपंतांना आपल्या गीतेच्या पोथीत सापडते. खुलासा झाल्यावर ते चाकरी सोडतात आणि पंढरपूरची वाट धरतात.

येथवर सारांश झाला. आता शिक्षकाने एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : या कथेचा उत्कर्षबिंदू कोणता? बहुतेक मुले विठूच्या दरबारातील प्रवेशाकडे बोट दाखवतील आणि ते स्वाभाविकही आहे, कारण श्रोत्यांचा श्वास तेथेच रोखला जातो. परंतु नायकाचे भवितव्य कोणत्या क्षणी पालटले, असे विचारताच वर्गात मतभेद सुरू होतो. धनी आणि भुकेलेला माणूस यांपैकी एकाची निवड दामाजीपंतांनी कोठाराच्या दारातच केलेली असते. शिक्षा होणार हे त्यांना ठाऊक आहे. सुटका होईल हे मात्र ठाऊक नाही. पुढचा चमत्कार हिशेब पुरा करतो; पण निर्णय माणसाचा आहे, आणि तो कथेच्या पूर्वार्धातच झालेला आहे. हे मत सर्वांनी मान्य करावे असे नाही. मुलांनी दोन्ही बाजू कवितेतील आधार देऊन मांडल्या, तर तासाचे सार्थक झाले.

दुसरा उपयुक्त प्रश्न, कोणाला काय ठाऊक आहे? फळ्यावर दामाजीपंत, बादशहा, मुजुमदार आणि श्रोता असे चार रकाने आखावेत. बेदरला रक्कम भरली गेली, तेव्हा दामाजीपंत अजून कैदेतच आहेत आणि स्वतःला अपराधी समजत आहेत. बादशहाला विठू हा दामाजींचा नोकर वाटतो. खरा प्रकार फक्त श्रोत्याला कळलेला असतो. उत्तरार्धात ओढ टिकते ती या अंतरामुळे. दामाजीपंत वाचतील काय, याची काळजी श्रोत्याला उरलेली नसते. त्यांना हे केव्हा आणि कसे कळेल, याची उत्सुकता मात्र असते. पोथीतील पावती आणि बादशहाच्या तोंडचे विठूचे वर्णन जुळताच ते अंतर मिटते.

ओळखीची अशी खूण जगभरच्या कथांतून आढळते. कालिदासाच्या शाकुंतलात ते काम अंगठी करते. दामाजीपंतांच्या कथेत अंगठीच्या जागी वसुलाची पावती आहे! कथा महिपतींच्या पूर्वीपासूनची, हे खरे; तरी दप्तर सांभाळलेल्या कवीला हा तपशील परका वाटला नसेल. विठूचे रूप घेण्यातही अर्थ आहे. त्या काळच्या समाजाने ज्याला दाराबाहेर उभे केले, त्याच्याच हातून दरबारातील देणे फिटते. हा भाग घाईने उरकू नये.

ओवीची रचना मात्र काही ठिकाणी अडचण करते. कवी मध्येच थांबतो, श्रोत्यांना उद्देशून बोलतो, एकापाठोपाठ एक दृष्टान्त देतो. अशा वेळी नवख्या वाचकाचा धागा सुटतो. मुलांना पेन्सिल द्यावी. जेथे घटना पुढे सरकते त्या ओवीसमोर रेघ आणि जेथे कवी स्वतः बोलतो तेथे टिंब करावयास सांगावे. टिंबे कोठे दाटली आहेत हे पाहिल्यावर, कवीला श्रोत्याला कोठे थांबवायचे होते, ते आपोआप दिसते.

शेवटी एक प्रयोग. प्रत्येक घटना वेगळ्या चिठ्ठीवर लिहून एक चिठ्ठी गुपचूप काढून घ्यावी. मुजुमदाराची तक्रार काढली, तर शिपाई येत नाहीत आणि कथा कोठारापाशीच थांबते. पंढरीच्या दर्शनाची विनंती काढली, तर कथा पुढे जाते. पण दामाजीपंत कोण आहेत हे नीट कळत नाही. पहिली चिठ्ठी साखळीतील कडी आहे, दुसरी स्वभावाची खूण. हा भेद पाचवी-सहावीच्या मुलांनाही कळतो. ज्या गावात देवळात पोथी लागते, तेथील वाचकांना वर्गात बोलावून तो अध्याय चालीवर म्हणवून घ्यावा आणि मुलांनी तो चिठ्ठ्या हातात घेऊन ऐकावा.