संकटापूर्वीची सिद्धता

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून किल्लारीचे लोक निजले होते. पहाटे धरणी हादरली. दगडमातीची जड घरे कोसळली आणि परिसरात हजारो जीव गेले.

मुलांनो, संकटात धावणे ही माणुसकी. पण संकटापूर्वी सिद्ध असणे हे कायद्याने सांगितलेले कर्तव्य होय. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ४१ व्या कलमाने ते पंचायती व नगरपालिका यांवर सोपविले आहे. त्यांनी सेवकांना शिक्षण द्यावे, साधने सदैव सज्ज ठेवावीत, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या नियमांनुसार होतील असे पाहावे आणि आपद्ग्रस्तांना साहाय्य करावे.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे कायद्यानेही मान्य केले आहे.

स्वाध्याय : तुमच्या गावात संकटकाळची साधने कोठे ठेवली आहेत, याची चौकशी करा.