मुसाकाजीला बोट थांबायची

१. कंपन्या येतात-जातात, माणसांच्या लक्षात राहतात ती बंदरं. कोकणच्या किनाऱ्यावर आधी शेफर्डच्या बोटी होत्या, मग बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या. पुढे ती कंपनी सिंदियाकडे गेली. साठच्या दशकात चौगुले आले आणि सत्तरच्या दशकात मोगल लाइन. एवढे धनी बदलले, पण आजीच्या तोंडची यादी तीच राहिली: भाऊचा धक्का, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. बोट कुणाची म्हणून विचारलं, तर ती म्हणायची, “आगबोट ती आगबोट. आपली, आणि कुणाची?”

२. ‘आपली’ या शब्दामागे केवढं राजकारण होतं, ते कागदपत्रं चाळताना कळलं आणि मी चकित झालो. स्वदेशीच्या वाऱ्यात सहकारी तत्त्वावर एक जहाज कंपनी उभी राहिली आणि लोक तिला सरळ ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणू लागले. बोटींना नावं दिली तुकाराम, रामदास, जयंती. गोव्याकडच्या ख्रिस्ती प्रवाशांसाठी सेंट झेवियर, सेंट अँथनी हीसुद्धा होती. ज्याच्या भरवशावर समुद्रात पाऊल टाकायचं, त्याचंच नाव बोटीवर. ११ नोव्हेंबर १९२७ला त्यातल्या तुकाराम आणि जयंती या दोन्ही बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. त्यानंतरही धक्क्यावरची गर्दी ओसरली नाही. घाटवाटा आणि खाड्या ओलांडत जमिनीवरून मुंबई गाठणं किती अवघड होतं, याचा याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

३. खरा प्रवास बोटीत नव्हताच, तो होता पडावात. बऱ्याच बंदरांत पाणी उथळ, त्यामुळे आगबोट दूर समुद्रातच नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव तिला जाऊन भिडायचे. लहानपणी हे मी वेंगुर्ल्याला अनुभवलंय. पडाव लाटेबरोबर वर यायचा, क्षणभर बोटीच्या दाराशी बरोबरीला टेकायचा आणि लगेच खाली जायचा. त्या क्षणातच चढायचं. खलाशी दंडाला धरून नुसतं म्हणायचा, “आता!” वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, तान्ही मुलं, सगळं हातोहात वर जायचं. माझा धाकटा भाऊ असाच तीन अनोळखी माणसांच्या हातांतून गेला आणि आईनं एकदाही ओरडून त्याचं नाव घेतलं नाही. तिचा त्या हातांवर पुरता विश्वास होता. डेकवर पोहोचल्यावर मात्र ती आधी रडली आणि मग लिंबू कापायला बसली, कारण आम्हां सगळ्यांना बोट लागायची. त्या खलाशांची, तांडेलांची नावं कुठल्याही कंपनीच्या इतिहासात मला दिसली नाहीत. किनारा चालत होता तो त्यांच्या मनगटांवर. मी त्या माणसांचा जन्मभराचा ऋणी आहे.

४. रामदास बोटीविषयी लिहिताना हात अजून जड होतो. पावसाळ्यात लांबचे मार्ग बंद असायचे, पण रेवसची जवळची फेरी चालू असे. १७ जुलै १९४७च्या सकाळी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, रामदास भाऊच्या धक्क्यावरून निघाली आणि तासाभराच्या आतच काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनीच बातमी आणली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. देशाच्या इतिहासात ऑगस्टनं तो जुलै झाकून टाकला. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत मात्र तो झाकला गेला नाही.

५. बोट बंद झाली आणि किनाऱ्याचे तुकडे झाले. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या शेवटच्या बोटी ऐंशीच्या दशकाअखेर थांबल्या. त्याचं दुःख मुंबईकरांपुरतंच होतं असं मला आधी वाटे. मुंबईला जायला एसटी होती, १९९८मध्ये कोकण रेल्वेही पूर्ण झाली. पण रेल्वे बंदरांपासून आत, मालवणला जायचं तर कुडाळला किंवा कणकवलीला उतरा. देवगडची मुलगी विजयदुर्गला दिली, वेंगुर्ल्याचा व्यापारी रत्नागिरीला माल घेऊन गेला, हा आडवा शेजार बोटीनं सांभाळला होता. रस्त्यांनी प्रत्येक गाव वेगवेगळं मुंबईला बांधलं. नव्वदच्या दशकात वेगवान कॅटामरान मुंबई–पणजी धावली, पण मधल्या बंदरांना तिचा काय उपयोग?

६. म्हणून मला मोठ्या बोटींपेक्षा छोट्या फेऱ्यांचं अप्रूप जास्त. दाभोळ–धोपावे फेरी २००३पासून वाशिष्ठीच्या खाडीवर गाड्या-माणसं पलीकडे नेते आणि रस्त्याचा लांब वळसा वाचवते. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, साधारण तासाभरात. मुंबई–गोवा जलमार्गाची घोषणा झाली की मी आधी बातमीत थांबे शोधतो. जयगड आहे का? देवगड आहे का? मुसाकाजीचं नाव घेतंय का कुणी? बंदरांना बंदरं जोडणारी, रोजची, स्वस्त तिकिटाची बोट हवी आहे. पडावातून उडी मारावी लागू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी धड जेटी हवी, आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला जेटीवर सावली.