छाटणीचा धडा
वाचन: योहान १५:१-८

वसतिगृहाच्या अंगणात मी झुडुपी साल्व्हिया लावला आहे. त्याला भरपूर ऊन व पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. पाणी साचले की मुळे कुजतात. खत जास्त झाले की पाने माजतात, फुले कमी येतात. बहर ओसरल्यावर शेंडे छाटावेत, म्हणजे नवी फूट येते. मात्र खाली थोडी पाने राखावीत. छाटलेल्या कोवळ्या फांद्या ओलसर वाळूत खोचल्या तर त्यांचीही रोपे होतात.

छाटणारा माळी झाडाचा वैरी नसतो, हेच प्रभू शिकवतो. पाड्यांवर आपण आता मोफत धान्याऐवजी बियाणे देत आहोत; म्हातारे व आजारी यांचे धान्य मात्र चालूच आहे. प्रियजनहो, हे कठोर वाटेल. कुटुंबे स्वतःच्या मुळांवर उभी राहावीत म्हणून प्रार्थना करा.