अंत्युखियाचे मेज

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र २:११-१६, प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६ व १३:१, रोमकरांस पत्र १४:१ ते १५:७.

मंडळीत कोण घरचा आहे आणि कोण परका, हे उपासनेच्या वेळी सहसा कळत नाही. गीते सर्व मिळून म्हणतात. प्रार्थनेत सर्वांचेच डोळे मिटलेले असतात. उपासना आटोपून पंगत बसली व पाण्याचा तांब्या फिरू लागला, म्हणजे खरे काय ते उघड होते. अंत्युखियाच्या मंडळीत अशा वेळी जे घडले ते ह्या पाठात पाहावयाचे आहे. गावोगावच्या बंधुभगिनींनी, व विशेषतः उपदेशकांनी, ते नीट मनन करावे अशी आमची विनंती आहे.

१. ती मंडळी कशी होती?

अंत्युखिया हे सूरिया प्रांताचे मोठे नगर होते. आज ते तुर्कस्थानात असून अंताक्या ह्या नावाने ओळखले जाते. स्तेफनाच्या मृत्यूनंतर जो छळ झाला, त्यामुळे पांगलेले विश्वासणारे तेथवर पोहोचले. आरंभी ते केवळ यहूद्यांस वचन सांगत. परंतु कुप्र व कुरेने येथील काही जणांनी हेल्लेण्यांसही सुवार्ता सांगितली, आणि पुष्कळ लोक प्रभूकडे वळले.

तेथील पुढाऱ्यांची नावे पाहा. बर्णबा हा कुप्र बेटाचा लेवी. शिमोन ह्यास निग्र, म्हणजे काळा, असे उपनाव. लूक्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कुरेने येथला. मनाएन हेरोदाबरोबर वाढलेला. आणि शौल तर्सकर, पूर्वीचा छळ करणारा. ह्या पाच जणांस एकत्र बसविणारी ना जात, ना गाव, ना सोयरीक. ख्रिस्ताखेरीज त्यांच्यात समाईक असे फारच थोडे होते. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम ह्याच नगरात मिळाले, ह्यात नवल ते काय?

२. पेत्र मेजावरून का उठला?

कोणाही मनुष्यास विटाळलेला मानू नये, हा धडा पेत्रास यापो येथे दृष्टान्तात मिळाला होता, व कैसरियात कर्नेल्याच्या घरी त्याने तो आचरलाही होता. अंत्युखियास आल्यावर तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. मग यरुशलेमेतून याकोबाकडील काही मंडळी आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही सरले. शेवटी बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पेत्राने खोटा उपदेश केला नव्हता. त्याचे मत बदलले नव्हते, आणि कोणास तो वाईट शब्द बोलला असेही लिहिलेले नाही. तो फक्त उठला. आणि उठला तो भीतीमुळे. ही भीती आपल्या वाचकांस अनोळखी नाही. अमक्याच्या घरी जेवलो तर भाऊबंद काय म्हणतील, मुलीची सोयरीक मोडेल काय, हा विचार आमच्या गावांतही पुष्कळांस ताटावरून उठवितो.

पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला. एकान्तात का नाही? कारण अपमान एकान्तात झाला नव्हता. ज्या हेल्लेणी बंधूच्या शेजारची जागा रिकामी झाली, त्यास सर्वांदेखतच कळले होते की, आपण अर्धेच ख्रिस्ती आहो. पौलाने ह्यास रीतिभातीचा किरकोळ प्रश्न मानले नाही. ख्रिस्ताच्या मरणाने जो देवाजवळ बसावयास योग्य ठरला, तो जर माझ्याजवळ बसावयास योग्य नसेल, तर मी ख्रिस्ताचे मरण अपुरे म्हणतो. सुवार्ता मोडली ती अशी, भाकरीच्या तुकड्यापाशी.

३. मग दुर्बळास सांभाळून घ्यावे ते कसे?

कोणी विचारील, हाच पौल रोमकरांस लिहितो की, विश्वासाने दुर्बळ आहे त्यास जवळ करा, आणि शाकभाजी खाणाऱ्यास तुच्छ मानू नका. मग पेत्रास इतके कठोर का? ह्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातील एका उदाहरणाने स्पष्ट होते.

नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या तरी त्यांची चूल वेगळी व पाणी वेगळे असे. टिळकांनी त्यांची ही सोय राहू दिली. कालांतराने लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्याच मनाने घेतले की, जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्यांनी केलेला आहे. आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने सांगितले आहे.

लक्ष्मीबाई दुरून मेजाकडे येत होत्या. पेत्र मेजावर बसून उठला. जो येत आहे, त्याची चाल मंद असली तरी वाट पाहावी. जो उठून जातो व आपल्या उठण्याने दुसऱ्यास खाली पाहावयास लावतो, त्यास प्रीतीने, पण स्पष्ट, थांबवावे. धीर धरावा तो दुर्बळासाठी. अपमान करणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे.

४. आपल्या मंडळ्यांस बोध

सर्व भेद मिटावे असे शास्त्र सांगत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा मानणारे होते, आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा द्यावा असे म्हणणारेही होते. त्या ऐक्यात दोन्ही रीतींस जागा ठेवण्यात आली. उपासनेची रीत, बोली, गीतांची चाल, ही भिन्न असोत. त्यांनी कोणी परका ठरत नाही.

परंतु पूर्वज कोणत्या वाड्यातील होते ह्यावरून पंगतीतील जागा, पंचांतील निवड अथवा कबरस्थानातील कोपरा ठरत असेल, तर तो भेद नव्हे, ती भिंत होय. आणि ती भिंत प्रभूने आपल्या देहाने पाडली आहे (इफिसकरांस पत्र २:१४). दाराजवळ बसणारे कुटुंब तक्रार करीत नाही. ते एके रविवारी येत नाही, मग दुसऱ्या रविवारी येत नाही. आणि आपण म्हणतो, त्यांचा विश्वास थंड झाला.

उपदेशकबंधूंनो, ह्याविषयी उपदेश करण्यापूर्वी एक करा. गावभेटीस जाल तेव्हा ज्या घरी इतर लोक पाणी पीत नाहीत, त्या घरी प्रथम जा, बसा, आणि जे पुढे ठेवतील ते खा. पेत्राच्या उठण्याने इतके जण उठले. तुमच्या बसण्याने किती बसतील कोण जाणे!

विचारासाठी प्रश्न

१. पेत्राचे मत बदलले नसता त्याचे वर्तन का बदलले?
२. दुर्बळाची वाट पाहणे व भिंत उभी राहू देणे, ह्यांत फरक कोणता?
३. आपल्या मंडळीत दाराजवळ कोण बसते? त्याच्या घरी आपण शेवटी कधी जेवलो?

पाठ करावयाचे वचन : रोमकरांस पत्र १५:७.