विळ्याकोयत्यांच्या मुठींसाठीं घरच्याघरीं लाकूड वाळविणें

विळा, कोयता, सुरी यांचें पातें विकत घेतांना शेतकरी तें वाजवून, धार पाहून, चार दुकानें हिंडून घेतो. परंतु त्यास मूठ मात्र बांधावरची हातीं लागेल ती ओली फांदी तोडून त्याच दिवशीं बसवितो. या हयगयीचें फळ आम्हीं स्वतः पाहिलें आहे. नोकरींतून निवृत्त होऊन शेती पाहूं लागलों त्या पहिल्याच वर्षीं श्रावणांत आम्हीं ओल्या बाभळीच्या चार मुठी करविल्या. माघांत ऊसतोडीच्या वेळीं एका कोयत्याचें पातें मुठींतून निसटलें व गड्याच्या पोटरीस खोल जखम झाली. तीन आठवडे तो कामास मुकला. त्याची मजुरी आम्हीं दिली. परंतु चूक आमची, ही टोंचणी राहिली. त्यानंतर जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मूठ ढिली कां होते?:— ओल्या लाकडांत पाणी दोन ठिकाणीं असतें. तंतूंच्या पोकळींत व तंतूंच्या भिंतींत. पोकळींतलें पाणी गेलें तरी लाकूड आकसत नाहीं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारें शेंकडा ३० इतकी ओल उरली, म्हणजे भिंतींतलें पाणी जाऊं लागतें व आकसणें सुरू होतें. लांबींत तें नाममात्र असतें. गाभ्यापासून सालीकडे बरेंच, आणि वलयांच्या दिशेनें त्याच्या सुमारें दुप्पट. या विषमतेमुळेंच गाभा ठेवलेल्या गोल फांदीस उभी चीर पडते.

लाकडाची निवड:— बाभूळ, धावडा, धामण व शिसव हीं मुठीदांड्यांस उत्तम. धावडा व धामण चिवट असल्यानें कुऱ्हाडीकुदळीच्या दांड्यांस विशेष योग्य. बाभळीचा आंतील तांबूस नार घ्यावा; बाहेरचा पांढरा भाग किडीचें खाद्य होय, तो तासून टाकावा. छाटणींत निघालेली जाड फांदी पुरते. अख्खें झाड तोडावयाचें असल्यास आधीं चौकशी करावी. महाराष्ट्रांत सागासारखीं अनुसूचित झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगी लागते.

वाळविण्याची रीत:— फांदी मार्गशीर्षांत तोडावी. त्या वेळीं हवा कोरडी पण थंड असल्यानें लाकूड सावकाश वाळतें. चैत्रांतील झळांत तोडल्यास वरचा थर आधीं आकसून तडकतो. फांदी पाचर मारून तंतूंच्या दिशेनें फोडावी व गाभा काढून टाकावा. तुकडे मुठीपेक्षां जाडींत बोटभर व लांबींत चार बोटें अधिक ठेवावे. पाणी कापलेल्या टोंकांतून कित्येक पट वेगानें जातें, म्हणून दोन्ही टोंकांस त्याच दिवशीं वितळलेलें मेण किंवा तेलरंग लावावा. नंतर तुकडे पट्ट्यांवर, एकमेकांस न चिकटतील असे, वारा खेळत्या सावलींत रचावे. ऊन्ह व चुलीची धग दोन्ही वर्ज्य.

वाळल्याची खूण:— हाताच्या अंदाजावर विसंबूं नये. जन्मभर नोंदी ठेवण्याची संवय असल्यानें आम्हीं प्रत्येक तुकड्यावर अंक घालून दर रविवारीं वजन वहींत मांडूं लागलों. एक तुकडा प्रथम ४४० ग्रॅम होता. तो उतरत उतरत ३१० ग्रॅमवर आला व लागोपाठ तीन रविवार तेथेंच राहिला. वजन स्थिर झालें, म्हणजे लाकडाचा हवेशीं समतोल झाला असें समजावें. मुठीएवढ्या तुकड्यांस साधारणतः चारपांच महिने लागतात.

बसविणें:— मूठ वैशाखांत बसवावी, हें या लेखाचें सार होय. त्या वेळीं लाकूड वर्षांतील सर्वांत कोरड्या स्थितींत असतें. पुढें पावसाळ्यांत तें किंचित् फुगून पातें अधिकच आवळतें. श्रावणांत बसविलेली मूठ मात्र फुगलेली असते, ती हिंवाळ्यांत आकसून सुटते. आमच्या कोयत्याचें हेंच झालें. ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. त्यानें दोन दिवस घट्टपणा येतो खरा. परंतु लोखंडांत कोंडलेले तंतू फुगतांना चिरडले जातात व वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षां ढिला होतो. कोरडी पाचर ठोकणें किंवा दांडा बदलणें हाच उपाय.

तेल:— घडलेल्या मुठीस जवसाचें तेल पातळ चोळून पुसून घ्यावें व वाळल्यावर पुन्हां द्यावें. असे तीनचार हात पुरेत. जवसाचें तेल हवेनें घट्ट होतें. शेंगदाण्याचें तसें होत नाहीं, चिकट राहतें. तेलानें ओलीची येजा मंदावते, थांबत नाहीं. म्हणून ओल्या लाकडास तेल लावून कांहीं साधत नाहीं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवूं नयेत, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवाव्या. अलीकडे कारखान्यांत लाकडांतील हवा ओढून त्यांत कृत्रिम राळ भरतात व ती उष्णतेनें घट्ट करितात. पण तेथेंही लाकूड आधीं पूर्ण वाळलेलें लागतेंच.

या कामास पैसा लागत नाहीं. एक वही, थोडें मेण व पांच महिन्यांचा धीर लागतो. ज्याच्या हातीं आपण कोयता देतों त्याच्या हातापायांची जोखीम आपल्यावर आहे, इतकें ध्यानांत ठेवून प्रत्येकानें येत्या मार्गशीर्षांत दहा तुकडे तरी सावलींत रचावे, अशी आमची विनंती आहे.